एकाच नावाचे दोन पेशंट

इस्पितळात नवा प्रोग्राम बसवायला आलेल्या इंजिनिअरने फळ्यावर पाच शब्द लिहिले आणि रेकॉर्डवाल्या बाईंनी ते वहीत उतरवून घेतले. यंत्र, प्रोग्राम, माहिती, कार्यपद्धती आणि माणसं. ही पाच एकत्र आली की त्याला माहिती प्रणाली म्हणायचं, असं तो म्हणाला. या सगळ्यांना जोडणाऱ्या वायरीही असतात, पण त्यांची काळजी कंपनी घेईल.

मागच्या बाकांवरच्या नर्सना घरी जायची घाई होती. बाईंनी मात्र हात वर केला.

"एकाच नावाचे, एकाच वयाचे दोन पेशंट असले तर हे कसं ओळखणार?"

"प्रत्येकाला नंबर असतो, मॅडम."

"नंबर पेशंटच्या लक्षात राहत नाही. तापात माणूस स्वतःचं नाव कसंबसं सांगतो."

सगळे हसले. इंजिनिअरही हसला आणि पुढच्या मुद्द्याकडे वळला.

बाई इस्पितळाच्या रेकॉर्ड खोलीत सव्वीस वर्षं होत्या. त्यांनी विचारलं ते उगाच नव्हतं. त्यांच्याकडे खरोखरच एका नावाचे आणि एका वयाचे दोघे होते, एक वेल्डर आणि एक शाळेतला शिपाई. वेल्डरला नऊ वर्षांपूर्वी पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं तेव्हा त्याचा घसा सुजून श्वास बंद पडायची वेळ आली होती. थोडक्यात वाचला. अशा पेशंटच्या फायलीला बाई लाल दोरा बांधत. दोरा दिसला की नवशिकी नर्ससुद्धा थांबून विचारायची.

नव्या प्रोग्राममध्ये अशा त्रासाची नोंद दुसऱ्या पानावर होती आणि वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर फक्त पहिलं पान उघडत होतं. पहिल्याच आठवड्यात हे बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी अर्ज लिहून अधीक्षकांच्या हातात दिला. तुमचं म्हणणं पोचलं, असं ते म्हणाले. इंजिनिअरने पुढच्या सुधारणेत बघू म्हणून सांगितलं. मग जुन्या फायली रद्दीत घालायला ट्रक आला. लाल दोऱ्याच्या एकशे अठरा फायली तेवढ्या माझ्या कपाटात राहू द्या, अशी बाईंनी विनवणी केली. दोन ठिकाणी रेकॉर्ड ठेवलं की गोंधळ होतो, असं अधीक्षकांचं मत पडलं आणि त्याही ट्रकमध्ये गेल्या.

चौथ्या महिन्यात प्रोग्रामने एका रविवारी दुबार नोंदी शोधून एकत्र केल्या. वेल्डरची नोंद शिपायाच्या नोंदीत गेली आणि जाताना तिच्यावरचा त्रासाचा शेरा पुसला गेला. मंगळवारी वेल्डरच्या पायात लोखंडाचा कीस शिरून पाय पिकला म्हणून त्याला आणलं. तो तापाने बरळत होता. बायको खाली केसपेपर काढायच्या रांगेत उभी होती. नर्सने कॉम्प्युटरवर पाहिलं, काहीच लिहिलेलं नव्हतं, तिने पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. बाईंना जेवणाच्या सुट्टीत कळलं. त्यांनी उघडलेला डबा तसाच बंद केला.

चौकशीला तिघं बसले. यंत्र चालू होतं. प्रोग्राम करारात लिहिल्याप्रमाणेच होता. वायरी शाबूत होत्या. कार्यपद्धतीचं छापील पुस्तक प्रत्येक वॉर्डात होतं. शेवटी उरली माणसं. नोंदी एकत्र झाल्या त्या रेकॉर्ड खोलीच्या पासवर्डवर, आणि तो पासवर्ड बाईंच्या नावाने होता. बाईंनी आपल्या अर्जाची आठवण करून दिली, पण जुनं आवक रजिस्टर अर्ज दिला त्याच महिन्यात बंद झालं होतं आणि नव्यात त्या महिन्याचे कागद चढलेच नव्हते. अधीक्षकांना असा काही अर्ज आठवत नव्हता. चूक माझ्या हातून झाली, एवढा एका ओळीचा जबाब बाईंपुढे ठेवला गेला. सहीला एक दिवस दिला.

बाईंचे यजमान बसवर ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त झालेले. जेवताना त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सही करून टाक. दीड वर्ष राहिलंय तुझं. काढ कसंतरी."

"सही केली तर माझ्या हातून मेला असं होईल."

"आणि नाही केलीस तर काय, उठून बसणार आहे तो?"

बाईंनी ताटं उचलली. दुसऱ्या दिवशी त्यांनी जबाबाखाली लिहिलं, वरील मजकूर मला मान्य नाही, मी अर्ज दिला होता. त्याखाली सही केली. आठ दिवसांत त्यांची बदली तळघरात झाली, चादरी आणि उशांच्या अभ्र्यांच्या खोलीत.

वेल्डरची बायको एकदा तिथे शोधत आली. दारातच उभी राहून तिने विचारलं, तुम्हीच का त्या. बाई हो म्हणाल्या आणि तिला स्टुलावर बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. अर्ज, ट्रक, रविवार.

"मागच्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात," ती शेवटी म्हणाली, "आता काळजी करू नका, मी लिहून ठेवलंय. म्हणून मी निर्धास्त रांगेत उभी राहिले."

ती गेल्यावर बाईंनी स्टूल उचलून भिंतीला लावलं.

पुढे वरच्या वॉर्डांतून फोन यायला लागले. नर्स दबक्या आवाजात विचारायच्या. बाई, ती कोपऱ्यावरची शिवणकामवाली, तिला कशाचा त्रास होता हो? बाई हातातली चादर बाजूला ठेवून सांगायच्या, सल्फाच्या गोळ्या देऊ नका, अंगावर चट्टे उठतात. फोन आला होता असं कुणी कुठे लिहीत नसे. एकदा खुद्द अधीक्षकांनी सासूबाईंसाठी विचारून घेतलं. बाईंनी त्यांनाही सांगितलं.

एका दुपारी अशीच एक नर्स विचारत होती. बेशुद्ध माणूस, सोबत कुणी नाही, ट्रकवर क्लीनर होता, हनुवटीवर जुनी खूण. बाईंनी डोळे मिटले. माणूस समोर आला, हनुवटीवरची खूणही दिसली. पण पुढे काहीच येईना.

"आठवत नाही गं."

"नीट आठवा ना, बाई. डॉक्टर थांबलेत."

"खरंच आठवत नाही. माझ्या भरवशावर काही देऊ नकोस."

तिकडून फोन ठेवला गेला. धोब्याचा माणूस गाठोडं सोडून उभा होता. किती झाल्या, त्याने विचारलं. बाईंचा आकडा चुकला होता. त्यांनी घडी घातलेल्या सगळ्या चादरी परत खाली घेतल्या आणि पहिलीपासून मोजायला सुरुवात केली.