गावाचा उच्चार

आयझावा-सान या माणसाने मला इतका वैताग आणलाय की विचारू नका. आणि त्याच माणसापुढे मी मनातल्या मनात हात जोडते, हेही खरं.

टोकियोत कांजी, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांचा एक कोश निघतो. त्याचे ते संपादक आणि त्याचं सॉफ्टवेअर सांभाळणारी मी, विभा. एकेका अक्षराचे उच्चार तरी किती! चीनमधून आलेले एका लिपीत, अस्सल जपानी दुसऱ्या लिपीत, आणि एखाद्याच गावाच्या नावात टिकलेला उच्चार तळाशी, बारीक टाइपात. त्या बारीक ओळीसाठी आयझावा-सानांचा नियम असा: तिथल्या दोन माणसांच्या बोलण्यात तो शब्द आपणहून यायला हवा. विचारायचं नाही. विचारलं की लोक शाळेत शिकलेलं सांगतात, असं त्यांचं म्हणणं.

'किनारा' या अर्थाचं एक अक्षर आहे. सगळे त्याला 'हामा' म्हणतात. ईशान्येकडच्या एका चिमुकल्या गावाचं नाव म्हणजे तेवढं एकच अक्षर, आणि गावकरी म्हणे ते 'हामे' असं वाचायचे. २०११च्या त्सुनामीत ते गाव वाहून गेलं. तिथल्या एक बाई मोरिओका शहरात भेटल्या, त्यांच्या बोलण्यात 'हामे' आलं. दुसरा माणूस सापडला तो चक्क टोकियोतल्याच ओजिमात, मी राहते त्या इमारतीत: किकुची-सान. वय ऐंशीच्या पुढे, बायको त्याच लाटेत गेलेली, एकटेच राहतात.

मग दर शनिवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे. ते होड्यांबद्दल बोलायचे, बायकोच्या हातच्या लोणच्याबद्दल बोलायचे. गावाचं नाव मात्र निघेना. नुसतं 'तिकडे'. तिकडे असं होतं, तिकडे तसं होतं. आणि आयझावा-सान मिठाची गुळणी धरून चहा पिणार.

शेवटच्या शनिवारी माझा संयम सुटला. सोमवारी पानं छपाईला जायची होती, ओळ गळणार होती. मी विचारायला तोंड उघडलं, तर आयझावा-सानांनी हळूच मान हलवली. जिन्यात आल्यावर हलक्या आवाजात म्हणाले, "विभा-सान, त्यांना तो शब्द काढवत नाही. आपल्या कोशासाठी तो ओढून काढायचा नाही." इतक्या वर्षांची मेहनत, आणि हा माणूस एका म्हाताऱ्याच्या दुःखापायी ओळ सोडायला तयार. मला रागही आला आणि भरूनही आलं.

किकुची-सान पोचवायला आले होते, ते अजून दारातच उभे होते. तेवढ्यात वरून माझी आई उतरली. महिनाभरासाठी आलीय. "अगं, जेवायचं कधी?" म्हणाली, आणि समोर वडीलधारे दिसताच पदर सावरून, मी पाठ करून घेतलेलं एकुलतं एक जपानी वाक्य तिने म्हटलं, "मी मिरजेची शैलजा."

किकुची-सान ताठ उभे राहिले. नव्या माणसाने ओळख करून दिली की आपलीही द्यायची, ही त्यांच्या हाडीमाशी मुरलेली रीत. कमरेत वाकून ते म्हणाले, "मी हामेचा किकुची."

आयझावा-सानांनी खिशातल्या वहीला हातही लावला नाही. "कोशात घेऊ का?" एवढंच विचारलं.

"घ्या," किकुची-सान म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुमच्या आईला गावाचं नाव एकदा म्हणायला सांगाल?"

मी आईला सांगितलं. ती सावकाश म्हणाली, "हामे."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "बायको गेल्यापासून दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं," ते म्हणाले.