दात्याचं हाड

आत्याचे पुढचे दोन दात गेले आणि बसस्थानकावरचा ‘सहा’ ‘फहा’ झाला. आत्या तिथे माइकवर बसायची. साहेब म्हणाले, “बाई, लोक हसतात आणि हसता हसता बस चुकवतात. ‘सहा’ नीट येईपर्यंत माइक बंद.” तेवीस वर्षं जिच्या आवाजावर लोक धावले, ती आता हरवलेल्या छत्र्यांच्या खिडकीत बसली.

दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “नवा दात स्क्रूवर बसतो, स्क्रू हाडात. तुमच्या जबड्याचं हाड झिजलंय. आधी दात्याचं हाड भरू. सहा महिने मुरू दे.”

आत्याने ऐकलं, ‘दाताचं हाड’. दाताच्या जागी दाताचंच हाड, त्यात विचारायचं काय? सही केली. खडूच्या भुकटीसारखं काहीतरी हिरडीत गेलं, वर टाके पडले.

घरी मी कागद वाचला. “आत्या, दाता. म्हणजे देणारा. माणूस. वारलेला.”

“मेल्या, जिभेला काही हाड आहे का तुझ्या?”

“हाडाची टंचाई तुझ्याकडे आहे.”

तिने उशी फेकून मारली. मग बराच वेळ गालाला हात लावून बसली, जणू आत कुणी पाहुणा झोपलाय आणि त्याला उठवायचं नाही.

तिसऱ्या महिन्यात, दुपारच्या डुलकीत, ती स्वच्छ बोलली, “फलाट अकरा.” त्यात स नसल्यामुळे उच्चाराला नावं ठेवता येईनात. पण आमच्या स्थानकावर फलाट दहाच. अकराव्याच्या जागी भिंत.

हाड धरलं, स्क्रू बसले, यथावकाश दातही आले. साहेबांनी परीक्षेपुरता माइक दिला. मीही सोबत गेलो होतो.

“सहा वाजून सात मिनिटांची बस,” आत्या म्हणाली. सगळे स जागेवर. साहेब खूश. तेवढ्यात जबडा आपला आपण हलला, “फलाट अकरावर लागत आहे.”

“संपलं, बाई,” साहेब म्हणाले.

पण लोकांनी पिशव्या उचलल्या होत्या. ते भिंतीकडे निघाले, तेव्हा गर्दीत माणूस अंग चोरतो तशी भिंत बाजूला झाली. पलीकडे बस उभी. आम्ही धावत गेलो. साहेबांनी घड्याळ पाहिलं. सहा सात. नियमावलीत भिंतीविषयी काही नव्हतं.

“वेळेवर आहे,” ते म्हणाले. माइक त्यांनी परत मागितला नाही.

ड्रायव्हरने काच खाली केली. “आवाज नवा वाटतो, बाई. आमचे जुने अनाउन्सर कुठे गेले?”

आत्याने हनुवटीवर बोट टेकवलं.

“इथंच आहेत. ड्युटीवर.”