सुई किती वेळा

कपडे शिवणारी मास्तरीण कुणाला घाबरत नव्हती. घरमालकाला नाही, नवऱ्याला तो होता तोवर नाही, आणि गुडघ्याच्या डॉक्टरला तर मुळीच नाही. त्याची कॉलर तिरकी बसलेली तिला पहिल्याच दिवशी दिसली होती, आणि तिरकी कॉलर घालून हिंडणाऱ्याला काय घाबरायचं? तिला भीती होती ती फक्त स्वतःच्या हनुवटीची.

तिथे केस उगवत. बायकांना वयाने एखाददुसरा येतो तसे नव्हेत. चांगले दणकट, आता पांढरे झालेले, ब्रशच्या काड्यांसारखे ताठ. लग्नाच्या आधीपासून रोज सकाळी दार लावून ती ते उपटत आली होती. चिमटा शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली असायचा. धागे उपसायचा चिमटा आहे असं घरात सगळे समजत, आणि तिनेही कधी तो समज मोडला नव्हता. नवरा तिच्या शेजारी झोपून म्हातारा झाला आणि गेला. त्याला पत्ता लागला नाही. बिचाऱ्याला तशाही फार गोष्टींचा पत्ता लागत नसे.

पण आता हात कापायला लागले होते. केस धरायला जावं तर चिमट्यात कातडीच यायची. आणि त्यातच गुडघा गेला. मुलाने तिला न विचारता ऑपरेशनची तारीख घेऊन टाकली.

"दहा-बारा दिवस हॉस्पिटलात, मग घरी पलंगावर," मुलगा म्हणाला. "मला एवढी रजा मिळणार नाही, आई. ही बसेल तुझ्याजवळ."

ही म्हणजे सून. सुनेला मास्तरीण 'दुर्बीण' म्हणायची. एक तर ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, आणि दुसरं म्हणजे तिच्या नजरेतून काही सुटत नसे. डाळीतला खडा, बाहीवरचा डाग, पाहुण्यांच्या मनातलं, सगळं दिसायचं तिला. मास्तरणीने अशी नावं घरादाराला दिली होती. मुलगा 'मेण', जावई 'उसवलेला', वरच्या मजल्यावरची शेजारीण 'भोंगा'. तिच्या तोंडून एकदा नाव पडलं की ते माणसाला असं चिकटायचं, की त्याची स्वतःची आईसुद्धा कधीतरी चुकून तेच म्हणायची. सगळे हसायचे. ज्याचं नाव तोही हसायचा, म्हणजे दात दाखवायचा.

आणि आता दहा-बारा दिवस पलंगावर पडायचं. ना दार, ना आरसा, ना चिमटा. समोर दुर्बीण बसणार, जी दिवसभर हातभर अंतरावरून लोकांची तोंडंच बघते, कुणाचं नाक डावीकडे आहे, कुणाचा कान खाली आहे. ती बघेल. आणि मग एवढ्या वर्षांचा हिशेब चुकता करायला तिला एक शब्द पुरेल. तो कुठला असेल याचा विचार मास्तरीण मशीनवर बसून करायची. स्वतःच्याच तोंडाला तिने मनातल्या मनात इतकी नावं ठेवून पाहिली, की त्यातली दोन तर तिला चांगलीच वाटली.

तिने चौकशी केली, अर्थात दुसऱ्याच कुणासाठी आहे असं दाखवून. ब्लाऊज घ्यायला आलेल्या एका पोरीने सांगितलं, की उजेडाच्या यंत्राने काळे केस जातात, पांढऱ्यांना तो उजेड लागूच होत नाही. त्यांना विजेची सुई लागते. एकेका केसाच्या मुळाशी सुई घालून मूळ जाळतात. मग तो केस कायमचा गेला.

कायमचा. हा शब्द मास्तरणीने रात्रंदिवस चघळला.

सुईवाली दुसऱ्या मजल्यावर होती, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर. जिना अरुंद आणि उभा. मास्तरीण कठड्याला धरून एकेक पायरी चढली, वर पोचेपर्यंत अंगातून घामाच्या धारा लागल्या, आणि वर गेल्यावर आधी घाम पुसून, श्वास सरळ करून मगच तिने दार वाजवलं. आतली बाई तरुण होती, डोळ्यांवर भिंगाचा पट्टा, हातात पातळ रबरी मोजे.

"किती वेळा यावं लागेल?" खुर्चीत बसायच्या आधी मास्तरणीने विचारलं.

"बसा तर, काकू."

"आधी आकडा सांग. मी माणूस बघून सांगते, कपडा किती मीटर लागेल."

सुईवाली हसली. "कपडा वाढत नाही ना. केसांचं तसं नसतं. आत्ता जेवढे वर दिसतात तेवढेच सगळे नाहीत. काही खाली झोपलेले असतात. हे मारले की महिन्याभराने ते उठतात. ते मारले की आणखी उठतात. सुरुवातीला दर आठवड्याला यायचं, मग हळूहळू कमी. वर्ष लागतं. तुम्ही फार वर्षं उपटत असाल तर दीड वर्षही लागेल, उपटून उपटून मुळं वाकडी होतात."

"माझं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे."

"मग तोवर होणार नाही."

असं तोंडावर सांगायची सवय मास्तरणीला होती, ऐकायची नव्हती. ती खुर्चीत बसली. दिवा पेटला, सुईवालीने हनुवटी वर केली आणि भिंगातून इकडून तिकडे पाहिलं.

"काकू, केस कुठे आहेत?"

आता ते कुठे असणार? सकाळी दार लावून मास्तरणीने जेवढे हाताला लागले तेवढे सगळे उपटले होते. परक्या बाईसमोर जायचं, तेही उजेडात, भिंगाखाली, मग तसंच तोंड घेऊन जायचं की काय? माणूस डॉक्टरकडे जाताना अंघोळ करून जातो.

"नीट होऊन आले," ती म्हणाली.

"अहो, केसाच्या कडेकडेने तर सुई आत जाते. केसच नसेल तर मला मूळ कुठे आहे ते कसं कळणार? उपटायचं नाही. फार वाटलं तर कात्रीने कापायचं, पण थोडा तरी वर राहू द्यायचा. नाहीतर तुम्ही कितीही वेळा आलात तरी आपण पहिल्याच दिवसावर."

त्या दिवशी हात थरथरल्यामुळे सुटलेले पाच-सहा केस मिळाले, तेवढे जाळले. दुखलं. मास्तरणीने पापणीसुद्धा हलवली नाही.

पुढच्या वेळी ती पुन्हा उपटूनच गेली. आदल्या दिवशी ठरवलं होतं, नाही म्हणजे नाही. पण सकाळी आरशात पाहिलं, तोच दुर्बीण बाहेरून म्हणाली, "आई, चहा झालाय, आत आणू का?" आणि हात आपोआप खणात गेला. सुईवालीने काही न बोलता दिवा बंद केला. तिसऱ्या वेळी मात्र ती बोलली.

"तुम्हाला हे काढायचे आहेत की नुसते लपवायचे आहेत? दोन्ही एकदम होणार नाही."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मास्तरणीने त्याला तिथल्या तिथे एखादं नाव चिकटवलं असतं. इथे तिने पैसे मोजून ठेवले. उतरताना ती जिन्यात दोनदा बसली.

मग तिने दाढदुखीचं निमित्त काढलं. जबड्याभोवती रुमाल बांधला, वर गाठ मारली, आणि केस वाढू दिले. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी दुर्बीण दाताच्या डॉक्टरची वेळ घेऊन आली.

"कशाला? आपोआप राहील."

"आई, सूज कुठल्या बाजूला आहे ते तरी दाखवा."

"आतल्या बाजूला आहे."

"रुमाल मग बाहेरून का बांधलाय?"

मुलगा जेवता जेवता हसला. "तुझ्याशी कुणी बोलायचं म्हणजे..." बायकोला म्हणाला, आणि आईने नुसतं बघितल्यावर पुन्हा ताटात मान घातली. मेण ते मेणच. पण दुर्बीण रुमालाकडे बघत होती. चष्मा बसवताना नाकावरून कानापर्यंत नजर न्यावी तशी तिची नजर गाठीपासून हनुवटीपर्यंत आली आणि तिथे थांबली. मास्तरणीने घास तसाच ताटात ठेवला. ती उठून खोलीत गेली, दार लावलं. चिमटा हातात घेतला. मग पलंगावर बसून राहिली, चिमटा मुठीत. उपटले तर वाढवलेलं सगळं वाया. नाही उपटले तर उद्या काय? आयुष्यात तिने शेकडो कापडं कापली होती आणि एकदाही कात्री अशी अधांतरी थांबली नव्हती.

तिने चिमटा खिडकीतून खाली फेकला. दुसऱ्या क्षणी पस्तावली, पण खाली जाऊन शोधायला गुडघा कुठे होता?

दुसऱ्या दिवशी ती रुमाल बांधूनच सुईवालीकडे निघाली. ऑपरेशन आठवड्यावर आलं होतं. आज तरी केस होते, सुई घालण्यापुरते वर आलेले, आज तरी ती बाई काही बोलू शकणार नव्हती. जिन्याच्या मधल्या वळणावर गुडघ्यात काहीतरी फिरलं. तिने कठडा धरला, हात सुटला, आणि ती पायरीवर बसली ती बसलीच. वर जाववेना, खाली उतरवेना. रुमाल सुटून खाली किल्लीवाल्याच्या दारात जाऊन पडला.

किल्लीवाला वर बघत होता. "कुणाला बोलवू का?"

"कुणाला नको. तू तुझ्या किल्ल्या कर."

सुईवाली आवाज ऐकून खाली आली. उचलून पाहिलं, जमलं नाही. मास्तरणीचा फोन पिशवीत होता आणि त्यात पहिला नंबर सुनेचा होता, कारण मुलगा फोन उचलत नसे.

"तिला नको," मास्तरीण म्हणाली. "हवं तर मला इथेच राहू दे."

पण फोन लागला होता.

वाट बघताना मास्तरणीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ज्या बाईने भाड्याच्या एका खोलीत मशीन टाकून दोन पोरं वाढवली, जिला गल्लीतलं कुत्रंही वाट द्यायचं, ती परक्या जिन्यात तोंड झाकून बसली होती आणि तिला एकच गोष्ट हवी होती, की पायरी उघडावी आणि आपण आत जावं.

दुर्बीण आली. दुकानातून तशीच आली होती, गळ्यात साखळीला चष्मा. तिने खालचा रुमाल उचलला, झटकला. मग भिंतीवरची पाटी वाचली. 'नको असलेले केस कायमचे काढून मिळतील.' वर सासूकडे बघितलं.

"दाढ," ती म्हणाली.

मास्तरणीने बोटं आणखी घट्ट जुळवली.

"हात काढा, आई."

"तू हॉस्पिटलात बसू नकोस," मास्तरीण हातांच्या आडून बोलली. आवाज तिचा नव्हताच. "एखादी बाई ठेवा. कुणीही परकी चालेल. मी तुझ्या पाया पडते, पण तू नको."

दुर्बीण दोन-तीन पायऱ्या खाली उभी होती, त्यामुळे दोघींची तोंडं समोरासमोर होती. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सासूच्या मनगटाला धरून हात खाली घेतले. जोर लावावा लागला नाही. मास्तरणीने डोळे मिटून घेतले आणि नाव ऐकायची वाट बघत बसली.

"हे किती वेळा करावं लागतं?" दुर्बीण विचारत होती, पण सुईवालीला.

"वर्ष. दीड वर्षही लागेल. ऑपरेशननंतर चालायला लागल्या की पुन्हा सुरू करू. पण मधल्या काळात उपटायचं नाही. दोन-तीन दिवसांनी कात्रीने कापत राहायचं. यांच्या हाताने ते होणार नाही."

"हं."

एवढंच. किल्लीवाल्याचं यंत्र खाली किरकिरत होतं.

"मी कापीन," दुर्बीण म्हणाली. "यांनाही कळणार नाही, कुणालाच नाही." 'यांना' म्हणजे मेणाला. "पण मला दुर्बीण म्हणायचं नाही. पाहुण्यांसमोर नाही, फोनवर नाही, पाठीमागेही नाही. माझी पोरगी परवा शाळेत सांगून आली, माझ्या आईला घरी दुर्बीण म्हणतात."

मास्तरणीने डोळे उघडले. तोंडाशी आलेलं काहीतरी तिने गिळलं. ते गिळणं सुईपेक्षा जड गेलं.

"आणि नाही जमलं तर?" ती म्हणाली.

"तर मलाही नावं ठेवता येतात. मी जवळून बघितलंय."

 मग मास्तरणीने हात पुढे केला आणि सुनेने तो धरला, माया म्हणून नव्हे, उठवायला.

ऑपरेशन झालं. गुडघा पट्ट्यात बांधून पलंगाला टेकवून ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी सुनेने पडदा ओढला, चष्मा चढवला आणि पर्समधून छोटी कात्री काढली. पडद्यापलीकडून मुलाने विचारलं, "काय चाललंय?"

"कपडे बदलतेय. तुम्ही बाहेर थांबा."

कात्री गार होती. मास्तरीण छताकडे बघत पडली होती. अजून वर्ष, दीड वर्ष. इतके दिवस हे तोंड असं दुसऱ्याच्या हातात द्यायचं, तेही या हातात. डोळ्यांच्या कडेने पाणी कानात गेलं, ते पुसायला तिने हात उचलला नाही. सुनेनेही ते पुसलं नाही. दिसलं मात्र असणार.

"दु..." मास्तरणीच्या तोंडून निघालं. कात्री थांबली.

"सूनबाई," ती म्हणाली. "कात्री आडवी धर. असं टोकाने कापलंस तर खुंट टोचत राहतील."

"मान वर करा," सून म्हणाली. "अजून बरेच आहेत."