मंडई शेवटी का भरते

सेवकराम टपरीशी आला तसा बाकावरचा एकेक जण सरकला. श्यामराव गुरुजींनी मात्र आपला चहाचा कप शेजारी ठेवून तेवढी जागा अडवली. त्यांच्यासाठी कधी कोणी सरकलं नव्हतं.

"सेवकराम, गोंदिया आपल्या जिल्ह्यापासून वेगळा काहून झाला गा?" टपरीवाल्या बाबूलालनं चहा गाळता गाळता विचारलं.

"दोघा भावात रेडू एकच होता. कोणतं टेसन लावाचं, याच्यावरून घर मोडलं."

सगळे खो खो हसले. गुरुजींना काही हसू आलं नाही. मागे हाच विषय निघाला तेव्हा त्यांनी तारखेसकट उत्तर दिलं होतं, आणि बाबूलाल मध्येच दूध आणायला उठला होता. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आपण, आणि ऐकायचं मात्र या दंडारीतल्या सोंगाड्याचं! गुरुजींच्या पोटात दुखत होतं. ते त्यांना कळतही होतं, म्हणून जास्तच दुखत होतं.

दिवाळी होऊन गेली होती. आसपासच्या गावांतल्या मंडईच्या जत्रा एकेक करून उरकत होत्या. लेकीबाळी, सोयरेधायरे येत होते, रात्रभर दंडारीचे खेळ रंगत होते. यंदा गावच्या मंडईची जबाबदारी भूपेंद्रकडे होती. तो म्हणाला,

"पण आपल्याच गावची मंडई सगळ्याच्या शेवटी काहून भरते?"

सगळे सेवकरामकडे वळले. तो मिशीवरून हात फिरवतोय तोवर गुरुजी बोलले. खरं कारण त्यांना ठाऊक होतं: दंडारीची मंडळी त्याआधी मोकळी नसायची. तोंडातून निघालं ते भलतंच.

"कुंता नावाची पोरगी होती आपल्या गावची. नाकाडोंगरीकडं, पार जंगलात देली होती. मायबाप मेले. आणाले कोणी जाये नाही, म्हणून एकटीच पायी निघे. मंग गावानं ठरवलं, कुंता आल्याबिगर मंडई भरवाची नाही."

चहा उतू गेला तरी बाबूलाल हलला नाही.

"मले मालूमच नव्हतं," भूपेंद्र हळूच म्हणाला. "यंदा मायकवर सांगतो. पयला नारळ तिच्या नावानं."

खरं का, असं कोणी विचारलं नाही. गुरुजींनी सांगितलं होतं ना.

ते घराकडे निघाले तर मागून सेवकराम आला. गुरुजींनी चाल वाढवली. थापा मारण्यात जन्म गेला याचा, याला तर कळलंच असणार.

"गुरुजी, तुमच्यावर मी लय जळतो," सेवकराम म्हणाला. "माहं आयकून लोकं हासतेत, पण मानत कोणी नाही. तुमचं मानतेत. आज तर मले बी रडू आलं."

त्यानं दुपट्ट्यानं डोळे पुसले. सांगून टाकायचं तर आत्ताच, हे गुरुजींना कळत होतं. पण इतकं गोड त्यांच्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं.

"सेवकराम, ते कुंताचं..."

"हौ?"

"तिच्या कडेवर एक लेकरू बी राहे," गुरुजी म्हणाले.