खोडलेले ठिपके

मी इंग्रजी-मराठी शब्दकोश बोलतोय. जरा हळूच बोलतोय, कारण या घरात कुणीतरी लबाडी करतंय असा मला संशय आहे.

संशय घ्यायला मला माणसांनीच शिकवलं. दुकानात असल्यापासून पाहतोय, जो तो मला उघडतो, पहिला अर्थ उचलतो आणि धाडकन मिटतो. बाकीचे अर्थ काय शोभेला ठेवलेत?

मला घरी आणणारे बाबा मात्र शेवटच्या अर्थापर्यंत वाचायचे. ते छापखान्यात मुद्रितं तपासत. आता त्यांची मुलगी यंत्रांची माहितीपत्रकं मराठीत करते आणि निवृत्त बाबा तिचा कागद न् कागद तपासतात. तेवढं एकच काम त्यांच्या हाती उरलंय आणि त्याच्यावर त्यांचा जीव आहे.

दोघांची एक जुनी पैज आहे. माझ्या पोटात सर्वांत जास्त अर्थांचे शब्द दोन, ‘रन’ आणि ‘सेट’. ‘रन’ मुलीचा, ‘सेट’ बाबांचा. जो अर्थ कामात खरोखर लागेल, त्याच्यापुढे पेन्सिलीचा ठिपका द्यायचा. एका अर्थाला एकच. ज्याचे अर्थ आधी संपतील तो जिंकला.

‘रन’ भारी उनाड. माणूस धावतो, नळ वाहतो, दुकान चालतं, धुताना कपड्याचा रंग जातो, कुणी निवडणुकीला उभं राहतं, सगळीकडे हाच. ‘सेट’ त्यामानाने घरबशा. टेबल मांडतो, घड्याळ लावतो, मोडलेलं हाड बसवतो, सिमेंट घट्ट करतो. पण त्याचाही मला भरवसा नाही. सूर्य मावळतो तोही याच्याच नावावर.

गेल्या काही महिन्यांत बाबा ‘घट्ट होणे’पुढे ठिपका देत, टोक चांगलं दाबून. चार दिवसांनी पुन्हा तिथेच. मी म्हटलं, म्हातारा रडीचा डाव खेळतोय. आणि मुलगी तर चोरावर मोर. बाबा आंघोळीला गेले की खोडरबर घेऊन यायची आणि ठिपका पुसायची. माझा कागद तिथे पार झिजला.

परवा सकाळी बाबांचं बोट त्या जागेवरून फिरलं आणि थांबलं.

“इथं खोडलंय.”

“माझ्याकडून चुकून ठिपका पडला होता, बाबा.”

“माझ्या शब्दावर तू कशाला ठिपका देशील? हा अर्थ पाहिलेला किती वेळा विसरलो मी?”

“पाच वेळा.”

“मग पाचही परत दे. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर खुणा केल्या, माझ्याच तेवढ्या पुसायच्या होय?” त्यांनी चष्मा काढला. “उद्यापासून तुझे कागद दुसऱ्या कुणाकडून तपासून घे.”

“दुसरं कोण आहे? तुम्हीच तपासा. तुमच्यामागून मी एकदा नजर टाकेन.”

बाबांनी कागद पुढे ओढून घेतले.

मला फार शरमल्यासारखं झालं. ज्याला मी लबाडी म्हणत होतो, ती त्या पोरीची भीती होती.

त्याच दिवशी तिथे पुन्हा पाच ठिपके पडले. बाबा ते मोजतात, “अस्सं, हे पाहिलंय तर,” म्हणतात आणि कामाला लागतात. तुमच्या हाती कधी असा ठिपक्यांचा कोश आला, तर कृपा करून खोडरबर शोधू नका.

आज सकाळी सहावा पडला. टोक हलकं टेकलं होतं, म्हणजे मुलीचा. “मलाही आठवलं नाही, बाबा,” असं ती म्हणाली.

ती खोटं बोलतेय, याची मला पक्की खात्री आहे. पण मी कुणाला सांगणार नाही.