पाठीमागची हवा

मी हवेचा फिल्टर. घर गार-गरम ठेवणाऱ्या मशीनच्या तोंडावर, दोन खोल्यांमधल्या बोळात, जाळीमागे माझी जागा होती. येईल ती हवा गाळायची आणि पुढे सोडायची, एवढंच काम.

दुकानात माझी निवड व्हायला अर्धी दुपार गेली. आईच्या खांद्यावर बाळ, बाळाच्या तोंडात तिची बाही, आणि ती एकेक फिल्टर उजेडासमोर धरून बघतेय. ज्यातून उजेड आरपार आला, तो नापास. माझ्यातून काहीच दिसेना. मी पास.

"अगं, आपलं मशीन जुनं आहे. इतका दाट झेपेल का त्याला?" बाळाचा बाबा म्हणाला.

"मशीनचं मशीन बघेल. याला धूळ झेपत नाहीये, त्याचं बोल."

बाळाला खोकला होता, जाता जात नव्हता. घरातली हवा स्वच्छ ठेवा, असं डॉक्टर सहज बोलून गेले होते. आई ते वाक्य उशाशी घेऊन झोपायची, म्हणजे झोपायची नाहीच. सासूबाईंनी मला उलटसुलट पाहिलं आणि आमची मुलं काय गाळलेल्या हवेवर वाढली का, असं भिंतीला विचारलं. आईने मला बसवलं, कडेने चिकटपट्टी मारली. मग खिडक्यांच्या फटीही बुजवल्या.

आधी सगळं छान चाललं. बाबाच्या दाढीचे केस, सासूबाईंची पावडर, बाळाच्या डोक्यावरची लव, सारं मी पोटात घातलं. माणसं एकमेकांचं एवढं पोटात घालत नाहीत.

मग मशीन धापा टाकू लागलं. माझ्यातून त्याला पुरेशी हवा मिळेना. भुकेला मिळेल तिथून ओरबाडतो. ते माझ्या पाठीमागून, भिंतीतल्या बंद पोकळीतून हवा ओढू लागलं. ती मी गाळलेली नव्हती. वर्षानुवर्षं न उघडलेल्या कपाटासारखा तिला वास होता, आणि ती सरळ बाळाच्या खोलीत जायची.

बाळाचा खोकला वाढला. खोलीत हवा सोडणाऱ्या पाइपातही कुणीतरी खोकू लागलं, सावकाश, घसा खरवडत. आवाज घुमतो, असं बाबाचं म्हणणं. आईलाही ते पटवून घ्यायचं होतं. पण घुमलेला आवाज नंतर येतो. हा आधी यायचा. पाइप खोकला की बाळ तिकडे बघून ओळखीचं हसायचं, आणि मग खोकायचं.

एका दुपारी आई बाहेरून आली, तशी सासूबाईंनी हातातलं काम थांबवलं. "सूनबाई," त्या हळूच म्हणाल्या, "हा आपल्या घरातला खोकला नाही."

आईने चप्पलही न काढता येऊन जाळी उघडली आणि मला ओढून काढलं.

मेकॅनिक आला. त्याने भिंतीतला सुटलेला जोड बंद केला आणि साधा, मध्यम फिल्टर बसवला. "उशीने तोंड दाबावं तसं केलंत, वहिनी," म्हणत तो हसला. आई हसली नाही.

त्यानंतर बाळ खोकलं नाही. मीच मेली उगाच घाबरते, असं पुटपुटत आईने मला फेकायला उचललं, तेव्हा माझी मागची बाजू तिला दिसली. ती कोरी असायला हवी. तिथे दमट, गोल डाग होता, काचेला तोंड लावून कुणी उसासा सोडावा तसा. तिने कुणाला हाक मारली नाही. मला पिशवीत कोंबलं, गाठ मारली, स्वतःलाच वेडी ठरवलं, आणि वर आणखी एक गाठ मारली.

आता मी दाराबाहेर कचऱ्याच्या गाडीची वाट बघतोय. मला फक्त गाळता येतं. श्वास काही मी घेत नाही. तरी ही पिशवी फुगतेय, बसतेय, पुन्हा फुगतेय.

इथून जाताना दिसलोच, तर कृपा करून गाठ सोडू नका. घरात बाळाला नुकतीच झोप लागली आहे.