दाढेचा कौल

माझी दाढ सडली होती. मालवणच्या डॉक्टरांनी सांगितले, काढायला वीस रुपये, वाचवायला चारशे. माझ्या पेन्शनीत काढणेच बसत होते. पण शेजारच्या विश्रामने मुंबईच्या मुलाच्या पैशांनी दाढ वाचवली होती आणि माझी बायको कावेरी त्याच्या दाढेवरच्या चकचकीत कॅपचे कौतुक करून थकत नव्हती. मला काही ठरवता येईना, म्हणून देवळात कौल लावला. गुरवाने देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओली फुले चिकटवली. दाढ वाचवायची असेल तर देवीने उजवे फूल द्यावे.

डावे पडले.

"पुन्हा लाव," मी गुरवाला हळूच म्हटले.

"मास्तरांनू, कौल दाढेचो मागतास की विश्रामाचो?"

देवळातली माणसे हसली. दुसऱ्या दिवशी मी दाढ काढून आलो. विश्राम विचारपूस करायला आला, तेव्हा कावेरीने त्याला तळलेली सुरमई वाढली. मी तोंडात कापूस धरून त्याचे चावणे ऐकत बसलो.